छातीचा एक्स-रे नॉर्मल आहे

शाळेत आपण सगळ्यांनी ‘सस्तन प्राणी’ हा शब्द पाठ केलेला असतो. गाय, उंदीर, वटवाघूळ, देवमासा आणि माणूस. मराठीच्या तासाला या शब्दाची फोड करायला सांगितली की वर्गात आधी शांतता पसरते आणि मग मागच्या बाकांवरून खसखस सुरू होते. स म्हणजे सहित. ज्याला स्तन आहेत तो. उर्दूच्या तासाला तोच प्राणी ‘ममालिया’ होतो आणि कुणीच हसत नाही, कारण त्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘मॅमा’ म्हणजे स्तनच बसलेला आहे, हे कुणाला दिसत नाही. ‘मॅमोग्राफी’सुद्धा त्याच मुळाची. वीस वर्षं या दोन भाषा शिकवतोय. माणूस सस्तन आहे म्हणता, मग सर, पुरुषाचं काय, असं एकाही मुलाने हात वर करून विचारलेलं नाही.

उत्तर साधं आहे. पुरुषालाही स्तन असतात. वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या स्तनांत फारसा फरक नसतो. पुढे मुलीत ते वाढतात, मुलात थोड्या नलिका आणि चरबी एवढ्यावर थांबतात. थांबतात, नाहीसे होत नाहीत. आणि जिथे नलिका आहेत तिथे त्यांचा आजारही होऊ शकतो. पुरुषांच्या स्तनाचा कॅन्सर बहुतेक वेळा नलिकांतूनच सुरू होतो.

आपल्या भाषांनी मात्र पुरुषाला स्तन द्यायला नकार दिला. मराठीत त्याला छाती असते. ती तो ठोकतो, फुगवतो, पुढे काढून चालतो. उर्दूत सीना असतो, तो ताणला जातो. स्तन म्हटलं की विषय बायकांकडे गेला. हे नुसतं शब्दांचं भांडण वाटत असेल तर वाटू द्या. चुकीचा शब्द माणसाला चुकीच्या मशीनसमोर उभा करतो, हे मी जवळून पाहिलंय.

माझ्या नात्यात एक मामू आहेत, साठी ओलांडलेले. हृदयाच्या त्रासासाठी बरीच वर्षं गोळ्या चालू. त्यांच्या डाव्या बोंडामागे गाठ आली, दाबली की दुखायची. नऊ महिने ते तिच्यावर बाम चोळत राहिले. मुमानींनाही कळू दिलं नाही. मग एके दिवशी ओपीडीत गेले आणि म्हणाले, ‘सीने में दर्द है.’ साठीचा हृदयरोगी छातीत दुखतंय म्हणाला तर डॉक्टर काय करणार? त्यांनी ईसीजी काढला, त्यात नवं काही नव्हतं. छातीचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. मामूंनी ती फिल्म मोठ्या पाकिटात घालून कपाटावर ठेवली आणि मोहल्लाभर सांगितलं, सब नॉर्मल है.

छातीचा एक्स-रे फुप्फुसं दाखवतो, हृदयाचा आकार आणि बरगड्या दाखवतो. स्तनातली गाठ बघण्यासाठी तो काढतच नाहीत. मामूंना जी तपासणी हवी होती तिचं नाव घ्यायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. किंवा होता, पण तो बायकांचा होता.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांचा शर्ट काढायला लावला, हाताने तपासलं आणि मॅमोग्राफी व सोनोग्राफी लिहून दिली. ज्या सेंटरवर मी त्यांना घेऊन गेलो तिथे मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर गुलाबी फीत चिकटवलेली आणि शेजारी पाटी, ‘फक्त महिलांसाठी’. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहिलं. ‘पेशंट कुठे आहेत? त्यांना आणा.’ मामू म्हणाले, ‘मैंच है.’ ती हसली नाही, हे तिचं कौतुकच. पण भरायला दिला तो फॉर्म ठरलेलाच : शेवटची पाळी कधी आली, बाळंतपणं किती, बाळाला अंगावर किती महिने पाजलं. मामूंनी तिन्ही रकान्यांत रेघ मारली. बाकावर बसलेल्या बायकांनी पदर आणि दुपट्टे सावरले, आणि मामू उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. नाव पुकारेपर्यंत ते तिथेच होते.

निदान निघालं गायनेकोमास्टिया. म्हणजे पुरुषाच्या स्तनातल्या ग्रंथींची वाढ, कॅन्सर नव्हे. कारण होतं हृदयासाठी चाललेली स्पायरोनोलॅक्टोनची गोळी, जी हे करते हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं. गोळी बदलली. पण नऊ महिने ही गाठ काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅन्सर असता तरी त्या नऊ महिन्यांत बामच लागला असता.

गायनेकोमास्टिया हा पुरुषांच्या स्तनाचा सर्वांत जास्त आढळणारा विकार. आयुष्यात तो तीनदा डोकं वर काढू शकतो : नवजात बाळात आईच्या हार्मोन्समुळे, वयात येताना आणि उतारवयात. एरवी कारणं शोधावी लागतात. काही औषधं, यकृताचा सिरॉसिस, मूत्रपिंड निकामी होणं, थायरॉइड वाढणं, क्वचित वृषणातली गाठ. जन्मतः एक जास्तीचा एक्स गुणसूत्र असलेले, म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोमचे पुरुष असतात, त्यांच्यात गायनेकोमास्टिया तर दिसतोच, कॅन्सरचा धोकाही इतर पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो. स्थूल माणसात नुसती चरबी साठलेली असते, तिला आजार म्हणत नाहीत.

हे सगळं ओळखायचं कसं, तर आधी हाताने. गायनेकोमास्टियाची गाठ बहुधा बोंडाच्या बरोबर खाली, रबरासारखी लवचीक, दुखरी. कॅन्सरची गाठ बहुधा टणक, बोंडापासून एका बाजूला सरकलेली, बऱ्याचदा न दुखणारी. इथेच आपली माणसं फसतात. दुखत नाही म्हणून सोडून देतात, आणि न दुखणारी टणक गाठ हीच जास्त संशयाची. सोबत बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडी चिघळणं, काखेत गाठ लागणं, यांपैकी काहीही असेल तर वाट बघायची नाही.

डॉक्टरांच्या हाताला साधा गायनेकोमास्टिया किंवा चरबी स्पष्ट कळली तर कुठलीही तपासणी लागत नाही. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर उद्या कुणीतरी मोहल्ल्यात शिबिर लावून सगळ्या पुरुषांना रांगेत उभं करेल. शंका राहिली तर पंचविशीच्या आतल्या मुलासाठी आधी सोनोग्राफी, त्यापुढच्या वयात आधी मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी, असा अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचा संकेत आहे. ‘पुरुषाची मॅमोग्राफी होणार कशी, तिथे आहे काय?’ असं हसून विचारणारे सुशिक्षित लोक मला भेटलेत. होते. दोन पट्ट्यांमध्ये आहे तेवढा भाग दाबून, दोन्ही बाजूंचे, दोन कोनांतून फोटो घेतात. दाब काही सेकंदांचा असतो. गायनेकोमास्टिया असेल तर बोंडामागून पंख्यासारखी किंवा ज्योतीसारखी पसरलेली सावली दिसते. कॅन्सर असेल तर बहुधा एका बाजूला घट्ट गोळा, कडा खडबडीत, कधी काट्यांसारख्या. रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्स म्हणून ० ते ६ पैकी एक आकडा असतो. ४ किंवा ५ आला तर सुईने तुकडा काढून तपासायचा, आपल्याकडे सगळे ज्याला ‘ट्रू-कट’ म्हणतात तो. पुरुषाचा आणि बाईचा बायरॅड्स वेगळा नसतो. मशीन तेच, सुई तीच.

म्हणजे अडचण यंत्राची नाही. शर्ट काढण्याची आहे.

आता हयेकडे येतो, कारण हा विषय काढला की पहिला दगड तिथूनच येतो. ‘सर, ये सब बातां खुलेआम नहीं करते. हया भी कोई चीज है.’ हया चीज आहेच, ईमानचा भाग आहे. पण शरीर झाकण्याचा आपला दीनी हिशेब काय सांगतो? पुरुषाचा सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत. कोकणातले शाफई असोत की मराठवाड्यातले हनफी, गुडघा स्वतः त्यात धरायचा की नाही एवढ्यावर मतभेद आहे, छातीवर नाही. पुरुषाची छाती सतरमध्ये येतच नाही. उमऱ्याला किंवा हजला गेलेला आपला प्रत्येक हाजी पहिल्या तवाफात इहरामची चादर उजव्या काखेखालून घेतो आणि उजवा खांदा उघडा ठेवतो. लाखो लोकांत, खुद्द काबासमोर. इज्तिबा म्हणतात त्याला, सुन्नत आहे. घरी आल्यावर हाच हाजी डॉक्टरसमोर गंजी वर करत नाही, आणि कारण काय सांगतो, तर हया.

चाळीच्या नळावर लुंगी लावून उघड्याने अंघोळ करताना हया कुठे जाते? कोल्हापूरच्या तालमीत लंगोटावर घुमणाऱ्या पोरांमध्ये आपली पोरं नसतात का? तेव्हा ती छाती असते. डॉक्टरने बोट ठेवून ‘स्तन’ म्हटलं की तीच जागा बाईची होते. लाज उघडं होण्याची नाही, बाई ठरण्याची आहे. तिला मर्दानगी म्हणा, दीनचं नाव देऊ नका.

मॅमोग्राफी काढणारी टेक्निशियन बहुतेक ठिकाणी बाई असते, नामहरम असते, हा आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तरही फिकहमध्ये शेकडो वर्षांपासून आहे : जरूरत असेल तिथे मनाईला मुभा मिळते, जरूरतीपुरती. आजारावर इलाज करा ही तर नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची तालीम आहे. पुरुष टेक्निशियन मागता येतो, मिळाला तर उत्तम. मिळाला नाही म्हणून गाठ थांबत नाही. आमच्या जुम्याच्या तकरिरींत नखं कापण्यापासून मिस्वाकपर्यंत शरीराच्या स्वच्छतेवर तासतासभर बोललं जातं, आणि मला ते आवडतं. पाच मिनिटं या विषयालाही द्यायला काय हरकत आहे?

माझ्या वर्गातली मुलं तेरा-चौदा वर्षांची. या वयात निम्म्याहून जास्त मुलांच्या बोंडामागे थोडीफार गाठ येते. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. पण मुलाला हे कोण सांगतं? तो दोन बनियन घालतो, मे महिन्यातही. पीटीच्या तासाला पोटात दुखतं. दप्तर पाठीवर नाही, पोटाशी धरतो. पोरं त्याला एक नाव देतात, कुठलं ते इथे लिहीत नाही, आणि ते नाव दहावीपर्यंत सुटत नाही. एका मुलाने शाळा सोडायचं ठरवलं तेव्हा मी वडिलांना बोलावलं. म्हणाले, ‘जिम लावतो त्याला, मर्द होईल.’

जिम लावलीच अनेकांनी. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, कुठेही जा, गल्लीत जिम आहे. व्यायाम चांगलाच. पण काही ठिकाणी पावडरीसोबत इंजेक्शनंही विकली जातात. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि इस्ट्रोजेनने पुरुषाचे स्तन वाढतात. मर्द दिसण्यासाठी टोचलेलं इंजेक्शन नेमकं तेच वाढवतं ज्याची लाज होती. मग हा पोरगा मोबाईलवर जाहिराती शोधतो. ‘एका दिवसात सपाट छाती, घरच्यांनाही कळणार नाही.’ घरच्यांना कळणार नाही, हे विक्रीचं वाक्य आहे, बघा! काही सर्जन नीट विचारपूस करतात. पण पैसे मोजून थेट टेबलावर घेणारेही आहेत : वृषणं तपासली नाहीत, यकृताची चाचणी नाही, हार्मोन्स नाहीत, कुठलं इंजेक्शन घेतोस हे विचारलं नाही. सर्जरी करायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. निदान न करता सर्जरी हा मात्र धंदा आहे. आणि काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

‘पण सर, हे किती लोकांना होतं?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळायचं नाही. स्तनाच्या सगळ्या कॅन्सरांत पुरुषांचा वाटा सुमारे १ टक्का. अमेरिकेत वर्षाला अडीच हजारांहून जास्त पुरुषांना होतो, पाचशेच्या आसपास मरतात. बहुतेकांचं वय साठ-सत्तर. जिथे बायकांनाच मॅमोग्राफी मिळत नाही तिथे पुरुषांचं काय घेऊन बसलात, असं एका डॉक्टर मैत्रिणीने मला सुनावलं. मी तिच्याशी सहमत आहे, आणि म्हणूनच म्हणतो की काहीही त्रास नसलेल्या पुरुषांची मॅमोग्राफी करत सुटू नका. त्याची गरज नाही. पण तक्रार नसताना चाचणी करणं वेगळं आणि हाताला गाठ लागल्यावर निदान करणं वेगळं. पुरुषांत हा आजार बायकांपेक्षा पुढच्या टप्प्यावर सापडतो. तिथे स्तन कमी असतो, गाठ लवकर हाताला लागायला हवी. तरी उशीर होतो. हा उशीर कशातून येतो ते वर लिहिलंय.

शिवाय हा आकडा पुरुषापाशी थांबत नाही. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास. बीआरसीए-२ या जनुकात दोष असेल तर ती काही टक्क्यांवर जाते. हा दोष बाप आपल्या प्रत्येक अपत्याला देण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलीच्या बाबतीत तो धोका कितीतरी पटींनी मोठा होतो. म्हणून पुरुषाला हा कॅन्सर निघाला की वय कितीही असो, जनुकीय तपासणीचा सल्ला देतात. बापाने लपवलेली गाठ ही मुलीपासून लपवलेली माहिती असते. आणि जो माणूस स्वतःच्या शरीरावर हा शब्द सहन करत नाही, तो बायकोला किंवा बहिणीला ‘जाऊन दाखवून ये’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार? आपल्या घरांत बायका उशिरा दवाखान्यात जातात, त्यात पैशाइतकाच या मुकेपणाचा हात आहे.

बाहेरच्या पुरुषांनी तोंड उघडलंय. अमेरिकेचे माजी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांना २००२ मध्ये हा कॅन्सर निघाला, दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते जगाला सांगितलं. वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांना शर्टावर रक्ताचे ठिपके दिसले. तपासणीत बीआरसीए-२चा दोषही निघाला, आणि २०१९ मध्ये त्यांनी ते टीव्हीवर सांगितलं. नोल्स यांचा मला आदर आहे, पण त्यांची एक सूचना पटत नाही. पुरुषांना ‘ब्रेस्ट’ शब्दाची लाज वाटते, म्हणून ‘चेस्ट कॅन्सर’ म्हणू या, असं ते म्हणतात. इंग्रजीत कदाचित चालेल. मराठीत छातीचा कॅन्सर म्हटलं की ऐकणारा फुप्फुसाचा धरून चालतो, बिडी किती ओढत होता विचारतो, आणि पेशंट पुन्हा छातीच्या एक्स-रेसमोर. शब्द बदलून लाज वाचते, निदान नाही वाचत.

लाजेची ही भिंत सरकारी कागदांतही आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात २६ वर्षांच्या एका मजुराला स्तनाचा कॅन्सर निघाला. त्यासाठीच्या सरकारी मदतीला त्याला नकार मिळाला, कारण योजना बायकांसाठी होती. औषधांचंही तेच. अभ्यास बायकांवर, गोळ्या त्याच अंदाजाने पुरुषांना. शेवटी २०२० मध्ये तिथल्या एफडीएला सांगावं लागलं की अशा चाचण्यांत पुरुषांनाही घ्या.

आपल्याकडे आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाची ‘सीबॅक’ नावाची यादी भरतात. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, टीबी यांचे प्रश्न असतात. आमच्या मोहल्ल्यातल्या आशाताई उन्हातान्हात फिरून हे काम करतात, त्यांना सलाम. त्या यादीत स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का, असे तीन प्रश्न आहेत. तिन्ही ‘फक्त स्त्रियांसाठी’ या मथळ्याखाली. मामूंच्या घरी त्या आल्या असतील तर त्यांनी मुमानींना विचारलं असेल, आणि तिथेच पलंगावर बसलेल्या मामूंना खोकला किती दिवसांचा आहे ते विचारलं असेल. या तीन ओळी ‘स्त्री व पुरुष’ या वरच्या भागात सरकवायला नवं मशीन लागत नाही, बजेट लागत नाही. पुढच्या छपाईच्या वेळी कुणीतरी त्या कापून वर चिकटवायच्या आहेत.